झाडावर चढवलेले डिकॉय आणि वुडपिजनची राखण : लिंकनशायरचे अनुभव

लाउथकर (धागाकर्ता)

मंडळी, इथे पक्ष्यांवर भरपूर लिहिलं जातं आणि शेतीवरही. या दोन्हींच्या सीमेवरचा हा विषय मात्र कुणी घेतलेला दिसला नाही, म्हणून लिहितोय.

मी इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायर वोल्ड्समध्ये, लाउथच्या जवळ राहतो. मूळ गाव बार्शी तालुक्यातलं. शेजारच्या शेतकऱ्याच्या शिवारात हिवाळ्यात आम्ही दोघं-तिघं रेपच्या पिकाची राखण करतो. राखण म्हणजे बंदुकीने वुडपिजन मारणं. ज्यांना हे वाचवणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला त्याचं वाईट वाटणार नाही.

आधी पक्षी. वुडपिजन म्हणजे आपल्या खिडकीत घुमणारं पारवं नव्हे. अंगाने दांडगा, साधारण अर्धा किलो वजनाचा, मानेवर पांढरा डाग आणि पंखांवर पांढरा आडवा पट्टा. ब्रिटनमध्ये याच्या अंदाजे पन्नास लाख जोड्या आहेत. रेप हे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात आणि ते सगळा हिवाळा शेतात हिरवं उभं असतं. डिसेंबरपासून रानातली बोंडं-बिया संपत आल्या की थवेच्या थवे या पानांवर उतरतात. पानं तर जातातच, शेंडाही खुडला जातो. मग एकाच शेतात एक पट्टा आधी फुलतो, दुसरा दोन आठवड्यांनी, आणि कापणीच्या वेळी अर्ध्या शेंगा तडकलेल्या तर अर्ध्या हिरव्या. वसंतात वाटाण्याचीही हीच गत होते.

डिकॉय म्हणजे नकली कबूतर. नेहमीची पद्धत जमिनीवरची. वाऱ्याला पाठ देऊन बांधालगत जाळीची लपण करायची. तिच्यासमोर वीस-पंचवीस यार्डांवर घोड्याच्या नालासारखी नकली कबुतरं मांडायची, तोंडं साधारण वाऱ्याकडे, आणि मधली जागा मोकळी सोडायची. उतरणारं पाखरू नेहमी वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, त्यामुळे ते त्या मोकळ्या जागेत येतं. जोडीला पंख हलवणारी फिरकी किंवा लवचीक काठीवर हेलकावणारा डिकॉय. हे सगळं पुस्तकी आहे आणि चालतंही, पण थवा तुमच्या अंगावरून जाणार असेल तरच.

खरी अडचण तिथेच आहे. थव्याची ये-जा ठरलेल्या वाटेने होते. झाडीतून निघायचं, एखाद्या ओढ्याच्या किंवा कुंपणाच्या रेषेने यायचं, शेतावर पोचायचं. ही वाट तीनशे यार्ड पलीकडून जात असेल तर जमिनीवरचे तुमचे वीस डिकॉय तिला दिसतसुद्धा नाहीत, कारण मध्ये कुंपण असतं, चढ असतो. झाडाच्या शेंड्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेली तीन कबुतरं मात्र अर्ध्या मैलावरून दिसतात. वुडपिजनही तसंच करतं. नव्या शेतात थेट उतरत नाही, आधी जवळच्या उंच झाडावर बसतं, चहूकडे बघतं, मग खाली येतं.

म्हणून माझं ठाम मत : झाडावरचा डिकॉय जमिनीवरच्या मांडणीला पर्याय नाही. त्याचं काम थव्याची वाट वळवणं एवढंच. आणि ते तेव्हाच होतं, जेव्हा झाड कबुतरांनी आधीच निवडलेलं असतं. लपणीजवळ सोयीचं झाड आहे म्हणून त्यावर डिकॉय चढवणारे खूप पाहिले. उलटं करायला हवं. आधी दोन-तीन दिवस लांबून दुर्बिणीने बघावं की पाखरं कुठल्या झाडावर टेकतात. झाडाखालची विष्ठा आणि पिसं बघावीत. मग लपण तिथे न्यावी.

चढवायची साधनं दोन. एक, जोडकाठी : ॲल्युमिनियमचे चार-पाच फुटी तुकडे एकात एक बसवून वीस-पंचवीस फूट करायचे, टोकाला डिकॉयची आडवी बैठक आणि फांदीला अडकवायला आकडा. बुंध्याच्या बाजूने सरळ वर न्यायची, फांद्यांच्या जाळ्यातून तिरकी घुसवायची नाही. दोन, दोरी : गोफणीने किंवा बेचकीने वजन बांधलेली बारीक दोरी फांदीवरून पलीकडे टाकायची आणि डिकॉय ओढून वर घ्यायचा. हिचा फायदा असा की लपणीत बसून दोरीला हलका हिसका दिला तर डिकॉय हलतो.

वर फक्त पूर्ण अंगाचे डिकॉय चढवावेत. जमिनीवर चालणारे पोकळ कवचाचे डिकॉय खालून बघितले की पोकळच दिसतात. चकाकणारा रंग नको. तोंड वाऱ्याकडे. आणि संख्या कमी, दोन ते पाच. शेंड्याच्या बाहेरच्या, पानं नसलेल्या काटक्यांवर. फांद्यांच्या आत दडलेला डिकॉय नसल्यातच जमा.

अनुभव असतील तर लिहा, प्रश्न असतील तर विचारा. मतभेद असतील तर तेही.

कांचन_लीड्स

वाचतेय. आमच्या मागच्या अंगणात ही जाडजूड कबुतरं रोज येतात, पण ती शेतकऱ्याची डोकेदुखी असतील असं कधी डोक्यात आलं नव्हतं. एक भाबडा प्रश्न : नुसतं बुजगावणं लावून भागत नाही का?

लाउथकर

कांचनताई, भाबडा नाही, पहिला विचारायचा प्रश्न हाच आहे. कायदाही तेच म्हणतो. इथे बुजगावणी आहेत, गॅसवर ठरावीक वेळाने धडाम करणाऱ्या तोफा आहेत, घारीच्या आकाराचे पतंग आहेत. सगळं काही दिवस चालतं. मग पाखरं सरावतात आणि तोफेच्या शेजारी बसून चरतात. बुजगावणं रोज हलवलं आणि मधूनमधून खरंच माणूस आला, खरंच बार झाला, तर त्याचा धाक टिकतो. बार्शीकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर माणूस उभा राहून गोफण फिरवायचा. माणूस घरी गेला की पाखरं परत. इथे शंभर-दीडशे एकरांचं एकेक शेत आहे आणि माळ्यावर उभं राहायला माणूस नाही.

भिगवणचा बगळा

मी कॅमेरेवाला माणूस, बंदूक हातात धरणार नाही. पण शेंड्यावर बसण्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. आपला हरियाल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हिवाळ्यात पहाटे नेमका हेच करतो. थवाच्या थवा निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, नंतर वड-पिंपळाच्या पानांत शिरला की दिसेनासा होतो. फोटो काढायचा तर ती सकाळची अर्धी-पाऊण घडीच.

एक शंका. तिथे वुडपिजनसारखीच दिसणारी इतर कबुतरं असतील ना? उंचावर, आभाळाविरुद्ध, नुसती काळी आकृती दिसताना ओळख पटते?

लाउथकर

लाखमोलाचा मुद्दा काढलात. स्टॉक डव्ह नावाचं कबूतर आहे. ते संरक्षित आहे आणि बऱ्याचदा वुडपिजनच्याच थव्यात चरतं. आकाराने लहान, मानेवर पांढरं नाही, पंखावर पांढरा पट्टा नाही, पंखांची हालचाल जलद. टर्टल डव्ह तर उन्हाळ्यातला पाहुणा आणि आता फारच दुर्मिळ. झाडावरच्या डिकॉयकडे स्टॉक डव्हही येतात. म्हणून आमचा नियम : पांढरं दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जात नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की, म्हणजे पट्टा दिसेनासा झाला की, बंदूक उघडून खांद्यावर. पाखरं कितीही येत असोत.

अनुजा र.

मला हे पटत नाही, स्पष्टच लिहिते. पक्ष्याला त्याच्याच जातभाईचं रूप दाखवून, इथे सुरक्षित आहे असं भासवून मारायचं यात मला फसवणूक दिसते. पीक वाचवायचं म्हणता, पण फिरक्या, जोडकाठ्या, जाळ्या, मुखवटे ही सगळी हौसेची सामग्री नाही का? त्या देशात यावर बंदी का नाही?

नॉर्फोकवाला

अनुजाताई, बंदी नाही पण मोकळीकही नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत, वुडपिजनसुद्धा. त्याला मारता येतं ते सर्वसाधारण परवान्याखाली, आणि तो ठरावीक कारणांसाठीच असतो. पिकाचं गंभीर नुकसान टाळणं हे त्यातलं एक. इंग्लंडमध्ये सध्या त्याला जीएल ४२ म्हणतात. जमीनमालकाची परवानगी लागते, बंदुकीचं प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यावं लागतं, आणि निव्वळ मजेसाठी मारणं या परवान्यात बसत नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये तर मोठा गोंधळ झाला होता. क्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या वाइल्ड जस्टिस या संस्थेने जुन्या परवान्यांना कायदेशीर आव्हान दिलं आणि नॅचरल इंग्लंड या परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेने २५ एप्रिलपासून ते रद्द केले. ऐन वाटाण्याच्या दिवसांत. नवीन परवाने घाईने काढावे लागले. मी तेव्हा फार चिडलो होतो. आज मागे बघताना वाटतं की त्यामुळे 'का मारतोय' हे प्रत्येकाला स्वतःला विचारावं लागलं, आणि ते चांगलं झालं.

लाउथकर

अनुजाताईंच्या प्रश्नाला मला वेगळं उत्तर द्यायचंय. भासवणं आहे, हो. ते मी सौम्य शब्दांत गुंडाळणार नाही. पण डिकॉयमुळे एक गोष्ट होते : पाखरू पंचवीस यार्डांत, वेग कमी करून, स्पष्ट दिसेल असं येतं. डिकॉयशिवाय लोक पन्नास-साठ यार्डांवरून जाणाऱ्या थव्यावर बार टाकतात आणि छर्रे लागलेली पाखरं मैलभर लांब जाऊन मरतात. माझ्या दृष्टीने ते जास्त वाईट. चांगली मांडणी ही नेमकं आणि चटकन मारण्यासाठी असते.

जिवंत कबूतर बांधून आमिष म्हणून वापरणं इथे गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

वऱ्हाडी माणूस

जिवंत आमिषावरून आठवलं. आमच्याकडे फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितरांना बोलवायचे, भोवती फासे लावायचे. पाळलेला ओरडला की रानातला हद्द राखायला धावून येतो. १९७२ च्या कायद्यानंतर ते सगळं बेकायदा झालं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही भरडले गेले, आणि नंतर पोटाचं साधनही गेलं. पण पाखराच्या सवयीचं त्या लोकांना जे ज्ञान होतं, ते मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. आता काही जण गवताळ रानं आणि पक्षी वाचवायच्या कामात आहेत याचा मला फार आनंद आहे.

तुमच्या लेखात 'आधी दोन-तीन दिवस बघा' हे वाचलं आणि तेच लोक आठवले.

तारमास्तर

मी वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त. शिकारीत मला काही कळत नाही, पण पंचवीस फुटी ॲल्युमिनियमची काठी उभी करायची हे वाचून जीव खाली-वर झाला. शेताच्या कडेने ११ हजार व्होल्टच्या तारा जातात हो! तारेला काठी टेकावीच लागते असं नाही. जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. लाकडी काठी ओली असली तर तीही वाहक. कार्बनची काठी तर आणखी वाईट, मासेमारीच्या काठ्यांनी माणसं गेली आहेत. कृपा करून याबद्दल स्वतंत्र लिहा.

लाउथकर

काका, मनापासून आभार. हे मूळ लेखातच ठळकपणे असायला हवं.

इथेही तीच स्थिती. ११ हजार आणि ३३ हजार व्होल्टच्या तारा लाकडी खांबांवरून शेतांतून जातात, आणि मोकळ्या जमिनीवर त्यांची किमान उंची ५.२ मीटर, म्हणजे जेमतेम सतरा फूट. आपली काठी त्याहून लांब. शिवाय कुंपणातल्या झाडांच्या रांगेतूनच तारा गेलेल्या असतात आणि फांद्यांमुळे दिसत नाहीत.

आमची शिस्त अशी की आदल्या दिवशी दिवसाउजेडी तारा बघायच्या. ज्या झाडाच्या आसपास तार आहे ते झाड कितीही उत्तम असो, बाद. काठी जोडलेल्या अवस्थेत घेऊन शेतात चालायचं नाही, झाडाखाली जाऊन जोडायची आणि तिथेच सोडवायची. डिकॉय तारेत अडकला तर सोडून द्यायचा आणि १०५ वर फोन करायचा, हा इथला वीज वितरणाचा क्रमांक आहे. दोन-चार पौंडांच्या प्लॅस्टिकसाठी कुणी हात वर करू नये.

तारमास्तर

आता बरं वाटलं. दोरीची पद्धतसुद्धा तारेजवळ नकोच, ओली दोरी वाहते.

सह्याद्रीचा मुलगा

लाउथकरदादा, मी सध्या नॉटिंगहॅमला शिकतोय आणि इथल्या एका शेतकऱ्यासोबत दोन-तीनदा गेलो होतो (बंदूक त्याची आणि परवानाही त्याचाच, मी पाखरं गोळा करायला). त्याने तुमच्या बरोबर उलट सांगितलं. म्हणाला, झाडावर डिकॉय ठेवले की पाखरं तिथेच जाऊन बसतात, खाली मांडणीत येतच नाहीत. त्यामुळे तो झाडाला हात लावत नाही. कोण बरोबर?

लाउथकर

तो शेतकरी खोटं सांगत नाहीये. हे अगदी नेहमी घडतं, आणि याच कारणाने निम्मे लोक झाडावरचे डिकॉय सोडून देतात.

काय होतं बघ. डिकॉय असलेलं झाड लपणीपासून साठ-सत्तर यार्डांवर आहे. थवा वळतो, झाडावर बसतो. तिथे साथ मिळाली, उंची मिळाली, खालचं सगळं दिसतं. आता खाली उतरायची त्याला घाई नाही. तुझ्या माऱ्याच्या पल्ल्याबाहेर तो तासभर बसून राहतो. वरून त्याला लपणीत हलणारा माणूस दिसतो. एकाने पंख फडफडवले की सगळे जातात आणि पुन्हा येणाऱ्यांनाही सावध करतात. म्हणजे झाडावरच्या डिकॉयने तुझ्या मांडणीतली पाखरं चोरली.

उपाय एकच : डिकॉयचं झाड पल्ल्याच्या आत हवं, शक्यतो लपणीच्या वरच किंवा तिच्या एका अंगाला, पंचवीस-तीस यार्डांपर्यंत. मग पाखरू झाडाकडे येत असतानाच तुझ्या टप्प्यात येतं. ते खाली उतरलं काय किंवा शेंड्याकडे झेपावलं काय, फरक पडत नाही. आणि पल्ल्याबाहेर पाखरांचं आवडतं दुसरं झाड असेल, तर त्याच्या फांद्यांवर चमकणारी पट्टी किंवा पिशवी बांधून ते झाड त्या दिवसापुरतं नकोसं करायचं.

वाऱ्याची बाजूही बघ. पाखरू वाऱ्याच्या तोंडाला बसायला येणार. म्हणून झाडाच्या ज्या बाजूला वारा जातोय, त्या बाजूने ते येईल. तू नेमका त्या बाजूला उघडा असशील तर सगळं फुकट. लपण झाडाच्या वाऱ्याकडच्या अंगाला, पाखराची येण्याची रेघ समोर.

बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही, हेही सांगून ठेवतो. फांद्या छर्रे अडवतात, पाखरू जखमी होऊन वरच अडकतं. शेंड्याकडे येताना, आभाळात असताना.

नॉर्फोकवाला

लाउथकरांशी सहमत, फक्त एक भर. लिंकनशायर आणि केंब्रिजशायरच्या फेन्स भागात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे झाडंच नाहीत. सपाट, काळी, पूर्वीची दलदल. तिथे लोक मोकळी काठी रोवून तिच्यावर डिकॉय ठेवतात. ते झाडाइतकं पटत नाही पाखरांना, पण जिथे काहीच उंच नाही तिथे दहा-बारा फूटही पुरतात.

आणि माझ्या मते झाडावरच्या डिकॉयचा खरा मोसम फेब्रुवारी आहे. १ फेब्रुवारीला फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम संपतो, त्यानंतर जमीनदार लोक शनिवारी दुपारी आपापल्या जंगलात बंदूकवाले उभे करतात. पाखरं संध्याकाळी वस्तीला येताना. एकाच वेळी परिसरातल्या बऱ्याच जंगलांत माणसं असली म्हणजे थवा एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे निवांत बसू शकत नाही. तिथे जमिनीवरची मांडणी कामाचीच नाही, सगळं उंचावर.

लाउथकर

खरंय, तो भाग मी गाळला होता. वस्तीच्या जंगलात दुपारी अडीचच्या आत काठ्या चढवून मोकळं व्हावं. पाखरं परतायला लागल्यावर झाडाखाली खटाटोप केला तर ती पलीकडच्या जंगलात जातात. जंगलातल्या छोट्या मोकळ्या जागेच्या कडेला, बुंध्याला पाठ टेकून उभं राहायचं. वारा जोराचा हवा. शांत संध्याकाळी पाखरं फार उंचावरून येतात आणि पहिल्या बारालाच सगळं आभाळ रिकामं होतं. वाऱ्यात ती खालून येतात आणि बाराचा आवाज विरतो.

आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी थांबायचं. थंडीच्या रात्री पाखराला बसायला जागा मिळायलाच हवी.

डॉ. पाटणकर

कीटकशास्त्र शिकवते, त्यामुळे लोकसंख्येच्या बाजूने थोडं. १९५० आणि ६० च्या दशकांत रॉन मर्टन या शास्त्रज्ञाने केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावाच्या परिसरात वुडपिजनचा फार काटेकोर अभ्यास केला. तेव्हा सरकार कबुतरं मारायला अर्ध्या किमतीत काडतुसं देत होतं. मर्टनने दाखवलं की हिवाळ्यात मारलेल्या पाखरांमुळे वसंतातली संख्या कमी होत नाही. हिवाळ्यात अन्नच, तेव्हा मुख्यतः क्लोव्हर हा चारा, मर्यादित असायचं आणि जी पाखरं मारली जायची तेवढी नाहीतरी उपासमारीने मेलीच असती. मारल्यामुळे उरलेल्यांना जास्त खायला मिळायचं, इतकंच. काडतुसांचं अनुदान पुढे बंद झालं.

नंतर १९७० पासून रेपचं क्षेत्र वाढलं आणि हिवाळ्यातली ती उपासमारच संपली. संख्या वाढली ती त्यामुळे. म्हणजे लाउथकर, तुमची राखण कबुतरांची संख्या कमी करत नाही. हे तुम्हाला मान्य आहे का?

लाउथकर

पूर्ण मान्य आहे, डॉक्टर. मी कबुतरं कमी करतोय असा दावा मी कधीच करणार नाही. पन्नास लाख जोड्यांपुढे आम्ही दोघं-तिघं काय करणार? आमचं काम एका शेतापुरतं आणि काही आठवड्यांपुरतं. शेंडे कोवळे असताना थव्याला त्या शेताची भीती वाटली पाहिजे, म्हणजे तो पलीकडच्या कुरणावर किंवा कापलेल्या रानात चरेल. मार्चअखेर रेप गुडघ्याच्या वर गेलं की पाखराला उतरायला जागाच राहत नाही. आमचं काम तिथे संपतं.

शेतकरी एक गोष्ट सांगतात ती इथे जोडतो. २०१३ च्या डिसेंबरपासून बियाण्याला निओनिकोटिनॉइड कीटकनाशक लावण्यावर बंधन आलं, त्यानंतर भुंगेऱ्यांच्या त्रासाने रेपचं क्षेत्र घटलं. पाखरं तेवढीच, हिरवी शेतं कमी. जे शेत उरलंय त्यावर भार जास्त. म्हणून झाडावरच्या डिकॉयचं महत्त्व मला वाढलेलं वाटतं. पूर्वी थवे पांगलेले असायचे, आता एकच मोठा थवा ठरलेल्या एका वाटेने येतो. ती वाट वळवता आली तर निम्मं काम झालं.

अनुजा र.

डॉ. पाटणकरांचा मुद्दा आणि तुमची कबुली, दोन्ही वाचलं. मत बदललेलं नाही, पण तुम्ही सरळ उत्तर दिलंत हे नोंदवते. मारलेल्या पाखरांचं काय होतं?

लाउथकर

खाल्ली जातात. दिवसाच्या शेवटी प्रत्येक पाखरू शोधायचं, कुत्रा त्यासाठीच लागतो. झाडात अडकलेलं जोडकाठीच्याच आकड्याने काढता येतं. उरलेली रानमांसाच्या व्यापाऱ्याकडे जातात, वुडपिजन विकायला कायद्याने मुभा आहे.

साफ करताना गळ्यातली अन्नपिशवी मी नेहमी उघडून बघतो. रेपची पानं, ओकची फळं, आयव्हीच्या वेलाची काळी बोरं, कधी गव्हाचे दाणे. पाखरं कुठून येतायत हे त्यातून कळतं. पिशवीत शेजारच्या शेतातलं काहीच नसेल आणि सगळी ओकची फळं असतील, तर आपण चुकीच्या शेतावर बसलोय आणि चुकीच्या पाखरांना मारतोय. मग दुसऱ्या दिवशी जायचं नाही.

कांचन_लीड्स

शिजवता कसं? इथल्या बाजारात छातीचे तुकडे मिळतात, पण मी केलं तेव्हा रबर झालं होतं.

लाउथकर

जास्त शिजलं असणार. छातीचं मांस गडद आणि अजिबात चरबी नसलेलं असतं. आलं-लसूण, हळद, दही, थोडं काळं तिखट लावून तासभर ठेवा. तवा कडक तापवून तुपावर एकेका बाजूला दोन-तीन मिनिटं, मग झाकून पाच मिनिटं विश्रांती. आत गुलाबी राहिलं पाहिजे. ते नको असेल तर दुसऱ्या टोकाला जा : कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दीड-दोन तास. मधलं काही केलं की रबर. आणि चावताना छर्ऱ्यांची काळजी घ्या, मुलांना देताना बोटांनी चाचपून.

नॉर्फोकवाला

छर्ऱ्यांवरून : २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणणार असं जाहीर केलं, तीन वर्षांची मुदत देऊन. मी आत्ताच स्टीलवर गेलोय. स्टील हलकं असतं, त्यामुळे दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो, सहाच्या जागी चार (आकडा लहान तितका छर्रा मोठा), आणि पल्ला कमी पडतो. लाउथकर म्हणाले त्या तीस यार्डांना आता आणखी महत्त्व. उंच झाडाच्या शेंड्याची उंचीही त्या अंतरात धरा. झाड पंचवीस यार्डांवर आणि शेंडा वीस यार्ड वर असेल, तर तिरकं अंतर बत्तीस होतं.

सह्याद्रीचा मुलगा

दादा, हे सगळं त्या शेतकऱ्याला वाचून दाखवलं (भाषांतर करत). त्याच्या शेताच्या कोपऱ्यात आयव्हीने मढलेलं ॲशचं एक जुनं झाड आहे, पाखरं तिथे रोज असतात. लपण त्याच्याखाली न्यायला तो तयार झालाय. तार नाही, बघून आलो. पण आयव्ही इतकी दाट आहे की काठी वर जातच नाही. दोरी टाकू का?

लाउथकर

तार बघितलीस हे उत्तम केलंस. आयव्हीवर दोरी टाकू नकोस, वेलात अडकून बसते आणि ओढताना सगळा पाला गळतो. ती बोरं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात. पाखरं त्या झाडावर नुसती टेकायला येत नाहीत, खायला येतात. तिथे डिकॉयची गरजच कमी आहे.

आयव्हीच्या झाडाला हात लावू नका. त्याच्या शेजारी, वारा जातोय त्या अंगाला, एखादं निष्पर्ण झाड असेल तर त्यावर दोन डिकॉय चढवा. आयव्हीकडे येणारं पाखरू आधी त्या दोघांकडे बघेल, वेग कमी करेल, आणि तुमच्या समोर उघड्यावर येईल. शेजारी झाडच नसेल तर कुंपणातून दहा-बारा फुटांची मोकळी काठी वर काढा, नॉर्फोकवाल्यांनी सांगितली तशी. आणि तिथून पायवाट जाते का ते नकाशात बघून ठेव. वर टाकलेले सहा नंबरचे छर्रे दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत खाली येतात. निर्जोर असतात, पण चालणाऱ्याच्या डोक्यावर पडायला नकोत. पायवाट त्या बाजूला असेल तर लपणीचं तोंड फिरवा, आणि तेही जमत नसेल तर ते झाड सोडा.

सह्याद्रीचा मुलगा

पायवाट आहे, पण उत्तरेला, कुंपणापलीकडे. वारा सहसा नैऋत्येचा असतो, म्हणजे पाखरं ईशान्येकडून येतील आणि बंदूक नेमकी त्याच अंगाला वळेल. शेतकऱ्याला आज संध्याकाळी सांगतो. दुसरं एक झाड ओढ्याच्या बाजूला आहे, उद्यापासून दुर्बीण घेऊन ते बघतो.